कोयता हातात येण्याआधी: पुण्यातल्या अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक, गणेश मंडळांचे कार्यकर्ते आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं पुण्यातली असली तरी कायदा सगळीकडे तोच. खाली 'बाल न्याय कायदा' म्हटलं की २०१५ चा कायदा, २०२१ च्या दुरुस्तीसह. 'न्याय संहिता' म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागते.

१. 'अल्पवयीन' म्हणजे नेमकं किती वयापर्यंत? एकोणीस वर्षांचा पोरगाही आम्हाला लहानच वाटतो.

गुन्हा घडला त्या दिवशी ज्याची अठरा वर्षं पूर्ण झालेली नाहीत, तो अल्पवयीन. कागदोपत्री त्याला आरोपी म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही (न्याय संहिता, कलम २०). सात ते बारा या वयात मुलाला आपण काय करतोय याची पुरेशी समज होती का, हे बघितलं जातं (कलम २१).

घरच्यांची फसगत होते ती अठरा ते एकवीसमध्ये. आईला तो अजून बारका वाटतो, कायद्याला वाटत नाही. पाच जणांच्या राड्यात एक सतरा वर्षांचा आणि चौघे एकोणीसचे असतील, तर चौघे नेहमीच्या कोर्टात जातात आणि एकटा बाल न्याय मंडळापुढे. गुन्हा एकच असला तरी खटला एकत्र चालत नाही.

२. पुण्यात हे खरंच वाढलंय, की मोबाइलवर व्हिडिओ येतात म्हणून तसं वाटतं?

थोडं दोन्ही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२१ साली देशभरात अल्पवयीनांनी केलेले ३१,१७० गुन्हे नोंदले गेले, २०२२ मध्ये ३०,५५५. म्हणजे एकूण संख्येचा स्फोट झालेला नाही. मात्र २०२२ मध्ये राज्यांत महाराष्ट्र पहिला होता, ४,४०६ गुन्ह्यांसह. आणि ताब्यात घेतलेल्या मुलांत चारांपैकी तिघांहून जास्त सोळा ते अठरा वयाची होती.

आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, पाच पोरं एका गुन्ह्यात सापडली तरी नोंद एकाच गुन्ह्याची होते, त्यामुळे गुन्हे आणि मुलं हे आकडे वेगळे. दोन, कोयता बाळगल्याचा गुन्हा झडती घेतली तरच सापडतो. पोलिसांनी मोहीम काढली की त्या महिन्यात आकडा फुगतो आणि मोहीम थांबली की उतरतो. पोरं तितकीच असतात.

बदललेली गोष्ट आहे गुन्ह्याची तऱ्हा. पूर्वी या वयातली मुलं मुख्यतः चोरीत सापडायची. आता भर रस्त्यात, चारचौघांत, हत्यार दाखवून दहशत बसवणं वाढलंय. त्याला प्रेक्षक लागतात, म्हणून ते दिसतंही जास्त.

३. कोयताच का? तलवार, चाकू, पिस्तूल का नाही?

कोयता स्वस्त आहे, लायसन्स लागत नाही, ऊसतोडीपासून नारळ सोलण्यापर्यंत रोजच्या कामाचा आहे. शर्टाच्या आत पाठीला लावता येतो, स्कूटरच्या डिकीत बसतो. चालवायला शिकावं लागत नाही. आणि पिस्तूल लपवायची वस्तू आहे, कोयता दाखवायची. ज्या पोराला पैशाआधी नाव पाहिजे असतं, त्याला दाखवायचीच वस्तू लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात कोयते घेऊन धुडगूस घालणाऱ्यांचा व्हिडिओ गावभर फिरला, त्यानंतर 'कोयता गँग' हा शब्द रूढ झाला. ही काही एक टोळी नाही. अशा डझनभर टोळक्यांना मिळून पडलेलं ते नाव आहे.

विक्रीवर बंदी का नाही, असं लोक विचारतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, पण घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली वगळून. त्यामुळे दुकानातला कोयता अवजार असतो आणि रात्री बारा वाजता डिकीत सापडलेला हत्यार ठरतो. २०२३ च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी विक्रेत्यांना ग्राहकाची ओळख नोंदवायला सांगितली, बोहरी आळीतून कोयते जप्तही केले. याचा उपयोग मर्यादितच. आदल्या वर्षी घेतलेला कोयता कुणाच्या तरी माळ्यावर असतोच.

४. मूळ कारण गरिबीच ना?

एकट्या गरिबीनं हे घडत नाही. एकाच खोलीत वाढलेल्या, एकाच बापाच्या पगारावर जगलेल्या दोन भावांतला एक आयटीआयला जातो आणि दुसरा फिल्डिंग लावायला. फरक पाडणाऱ्या तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात: शाळा सुटलेली, दिवसभर लक्ष ठेवायला घरात मोठं माणूस नाही, आणि हाकेच्या अंतरावर एक अड्डा, ज्यावर वयानं मोठा कुणीतरी बसलेला. तीनपैकी एक गोष्ट मोडली तरी बरंच निभावतं. गरिबीचा वाटा एवढाच की पाचशेच्या नोटेची किंमत त्या घरात जास्त असते.

एक कारण फारसं बोललं जात नाही. बैठ्या वस्तीत शेजारणीचं लक्ष असायचं: 'अरे, शाळा नाही का आज?' पुनर्वसनाच्या सात-आठ मजली इमारतीत दारं बंद होतात, जुने शेजारी पांगतात, शाळा लांब पडते, आणि तळमजल्याचं पार्किंग संध्याकाळनंतर पोरांचा अड्डा होतं. घर पक्कं झालं, नजर गेली.

सुखवस्तू घरांतली मुलं यातून सुटलीत असंही नाही. त्यांचे गुन्हे वेगळे असतात, बरेचसे गाडी आणि नशेशी जोडलेले (प्रश्न ९ आणि १४ पाहा).

५. साधा पोरगा टोळीत जातो तरी कसा? कुणी जबरदस्ती करतं का?

जबरदस्ती फार क्वचित. बहुतेक वेळा ती पायऱ्यापायऱ्यांची चढण असते, आणि प्रत्येक पायरी मागच्यापेक्षा जेमतेम एवढीशीच उंच असते.

पहिली पायरी म्हणजे नुसतं बसणं. टपरीच्या मागे, मंडळाच्या ओट्यावर, नदीकाठच्या मोकळ्या प्लॉटवर. चहा, सिगारेट, वडापाव कुणीतरी देतं, हिशेब कुणी मागत नाही. मग निरोप पोचवणं, 'तो अमुक घरी आला का बघून सांग.' मग गाडी चालवणं, नंबरप्लेट नसलेली, ट्रिपल सीट. मग वस्तू ठेवून घेणं: 'ही पिशवी दोन दिवस तुझ्याकडे राहू दे.' पिशवीत काय आहे हे पोराला माहीत असतं, आणि विचारायचं नसतं हेही. त्यानंतर पहिला राडा, ज्यात तो मागे उभा असतो. पुढच्यात पुढे असतो.

या सगळ्याच्या मधोमध वाढदिवस येतो. रात्री बाराला चौकात मोटारसायकलच्या सीटवर केक, मोबाइलचे टॉर्च, भोवती वीस जण. ज्याचा आजवर वाढदिवस म्हणजे आईनं केलेला शिरा एवढाच होता, त्याच्या हातात केक कापायला कोयता देतात. सव्वाबाराला रील पडलेली असते, खाली 'भाऊ', 'किंग', आगीची चिन्हं. शाळेत सहा वर्षांत हजेरीखेरीज कुणी नाव घेतलं नव्हतं त्याचं. आपण हा भाग नेहमी कमी लेखतो. टोळी पैसे नंतर देते, आधी नाव देते.

शेवटची गाठ मात्र पैशाचीच. पोरगा पहिल्यांदा पकडला जातो तेव्हा वकील 'भाई' लावतो, जामीनदार तोच आणतो, घरी किराणाही पाठवतो. बाहेर आल्यावर त्या उपकाराची परतफेड असते आणि ती नोटांनी होत नाही. म्हणून प्रश्न १२ मधला मोफत वकिलाचा भाग नीट वाचा. त्या एका वेळी कुटुंबानं भाईची मदत घेतली की पोरगा हातचा गेला असं समजायला हरकत नाही.

६. मोठी माणसं अल्पवयीन मुलांना पुढे का करतात? त्यांना काहीच होत नाही का?

पोरगा स्वस्तात मिळतो, घाबरत नाही, ओळखीत येत नाही, आणि 'तुला काय होणार नाही, तू लहान आहेस' हे त्याला पटतं. सांगणारा कायदा अर्धाच सांगतो (प्रश्न १५ मध्ये उरलेला अर्धा आहे).

मुलांना वापरणाऱ्यांसाठी कलमं कडक आहेत. मुलाकडून गुन्हा करवून घेण्यासाठी त्याला कामाला लावलं तर न्याय संहितेच्या कलम ९५ खाली किमान तीन आणि कमाल दहा वर्षं, आणि गुन्हा प्रत्यक्ष घडला तर तो स्वतः केल्यासारखी शिक्षा. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३(२) खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. अमली पदार्थांची ने-आण करवून घेतली तर कलम ७८.

घोडं पेंड खातं ते पुराव्यात. पोरगा भाईचं नाव घेत नाही आणि घरचेही घेऊ देत नाहीत. कोयता कुणी दिला, गाडी कुणाच्या नावावर आहे, फोनवर शेवटचं बोलणं कुणाशी झालं, हे पहिल्या दोन दिवसांत कागदावर आलं नाही तर नंतर येत नाही. तक्रारदारानं किंवा नातेवाइकानं आपल्या जबाबात मोठ्या माणसाचा उल्लेख असेल तर तो लिहून घ्यायला सांगावा आणि सही करण्याआधी जबाब वाचून बघावा.

७. टोळीचा म्होरक्या तडीपार झाला तरी राडे चालूच कसे?

तडीपारी म्हणजे दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर, तुरुंगात नव्हे. फोन चालू असतो. उलट म्होरक्या गेला की जागा मोकळी होते आणि सतरा-अठराची पोरं ती भरायला धडपडतात. अशा महिन्यांत वस्तीत जास्त लक्ष हवं, कमी नाही.

८. रात्रीत पंधरा-वीस गाड्यांच्या काचा फोडून त्यांना मिळतं काय?

पैसा काहीच नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या रिक्षा, टेम्पो, कार मिळून पाच मिनिटांत फोडता येतात, प्रतिकार होत नाही, आणि सकाळी सगळी आळी त्याचीच चर्चा करते. बहुतेक वेळा आदल्या एक-दोन दिवसांत दुसऱ्या गटाशी खुन्नस झालेली असते: रीलखालची कमेंट, मुलीवरून बाचाबाची, मंडळाच्या मिरवणुकीतला धक्का. ज्याच्यावर राग आहे तो सापडत नाही, मग त्याच्या गल्लीवर काढतात.

नुकसान मात्र रिक्षावाल्याचं. विमा सर्वसमावेशक असेल तरच भरपाई मिळते, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत आपल्या काचेचे पैसे येत नाहीत. गाडी हलवण्याआधी फोटो काढा, पोलिसांत तक्रार द्या आणि विमा कंपनीला लगेच कळवा. बाल न्याय मंडळ मुलाच्या पालकांना दंड भरायला सांगू शकतं, पण तो दंड म्हणजे तुमची भरपाई नव्हे.

९. नशेचा यात किती हात? आणि ओळखायची कशी?

मोठा आहे, पण सरळ रेषेत नाही. नशेच्या भरात गुन्हा होतो त्यापेक्षा नशेच्या पैशासाठी आणि नशेच्या उधारीपायी जास्त होतो.

वस्त्यांत सुरुवात बहुधा सोल्यूशन किंवा व्हाइटनर रुमालावर घेऊन हुंगण्यापासून होते, कारण ते स्टेशनरीच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. खुणा: कपड्यांना रसायनाचा वास, बोटांवर आणि नाकाखाली पांढरे डाग किंवा पुरळ, रुमाल सतत मुठीत. पुढची पायरी झोपेच्या गोळ्या, त्यांना पोरं 'बटण' म्हणतात: जीभ जड, चाल लडखडती, आणि आदल्या रात्रीचं काहीच न आठवणं. ही शेवटची गोष्ट धोक्याची, कारण बटण खाऊन केलेला राडा पोराला खरंच आठवत नसतो. जिममध्ये 'ताकदीचं' म्हणून मेफेन्टरमीनची इंजेक्शनं विकली जातात. ते रक्तदाब वाढवणारं औषध आहे आणि डॉक्टरच्या हाताबाहेर हृदयाला घातक. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, महाग म्हणून पूर्वी ठरावीक थरातच दिसायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं गेलं, यावरून ते किती जवळ बनतंय हे कळतं. खुणा: दोन-दोन रात्री जागरण, जबडा आवळणं, भूक मरणं, मग एक दिवस मेल्यासारखी झोप.

व्यसनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, विक्रेत्याची माहिती द्यायची तर १९३३. पोराला खोलीत कोंडून नशा सोडवू नका. बटणाच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, त्या डॉक्टरच्या सल्ल्यानं उतरत्या मात्रेत सोडवाव्या लागतात.

१०. आठवीपर्यंत शाळेत नीट जात होता. नववीत सगळं बिघडलं. असं का होतं?

शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाला आणि आठवीपर्यंत लागतो. नववीत पोरगा नापास झाला किंवा यायचा थांबला, तर त्याला शोधत जाणं कुणाच्याच कामात बसत नाही. आणि पहिली नोकरी, लायसन्स, कंपनीतला गेटपास हे सगळं अठरानंतर. मधली तीन-चार वर्षं ना शाळेची ना कामाची. आमच्या मते सगळ्या कारणांत हे सर्वांत मोठं, आणि भरून काढायला सर्वांत सोपंही.

नववीत बसलेल्या किंवा शाळा सोडलेल्या मुलासाठी मार्ग असे. राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७ भरून दहावीला खासगीरीत्या बसता येतं. राष्ट्रीय मुक्त शाळेतून एकेक विषय करून सोडवता येतो. आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना आठवी पास चालतं. प्रत्येक ठिकाणी शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि बहुतेक अर्ज तिथेच अडकतात, कारण जुन्या शाळेत जायची पोराला लाज वाटते. दाखला पालकानं किंवा गणेश मंडळाच्या एखाद्या कार्यकर्त्यानं जाऊन आणावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. गॅरेजमध्ये किंवा दुकानात लावायचं असेल तर चौदा पूर्ण हवीत, आणि धोकादायक कामाला अठरा.

११. घरात पोराच्या गादीखाली कोयता सापडला. काय करू?

पहिल्यांदा, तो घेऊन नदीत टाकायला जाऊ नका. वाटेत तुम्हीच पकडले जाल, आणि तो आधी कुठे वापरला गेला असेल तर पुरावा नष्ट केल्याचं तुमच्यावर येईल. उघड्या हातानं हाताळू नका, फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा आणि पोराशी बोला. रात्री नको, तो शुद्धीवर असताना. विचारायचा प्रश्न 'का आणलास' हा नव्हे, 'कुणाचा आहे' हा. 'ठेवायला दिलाय' असं उत्तर आलं तर तो प्रश्न ५ मधल्या चौथ्या पायरीवर आहे. 'मला भीती वाटते म्हणून' असं आलं तर त्याला कुणीतरी धमकावलंय, आणि तो गुन्हा तुमच्या मुलाविरुद्ध घडतोय.

मग ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला भेटा. असा एक अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असावा लागतो. सोबत वकील किंवा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरचा बालसंरक्षण कर्मचारी असेल तर बरं. मुलाला धमकावलं जात असेल तर बाल कल्याण समितीकडे अर्ज करता येतो. ती समिती गुन्ह्यासाठी नसते, काळजी आणि संरक्षणासाठी असते.

१२. पोलिसांनी मुलाला उचललं. पहिल्या चोवीस तासांत काय व्हायला हवं?

मुलाला ठाण्याच्या लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. पालकांना कळवलं पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं केलं पाहिजे. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक महिला. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल तर एफआयआर होत नाही, पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल होतो.

तुम्ही न्यायच्या गोष्टी: जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला मूळ प्रतीसह (प्रश्न १६), चालू शिक्षणाचा काही पुरावा, औषधं चालू असतील तर चिठ्ठी. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. मुलांना हा वकील उत्पन्नाची अट न घालता मोफत मिळतो. 'सरकारी वकील आपल्याविरुद्धच असतो' असा गैरसमज फार आहे. हा वकील तुमचाच असतो.

पुढे परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येऊन सामाजिक तपासणी अहवाल करतो. त्याला चहा देऊन 'आमचा पोरगा गुणी आहे' एवढंच सांगू नका. शाळा कधी सुटली, संगत कुणाची, घरात कोण किती वाजता असतं, हे खरं सांगा. मंडळ निर्णय घेताना त्या कागदाकडे बघतं.

१३. वार करणारा पोरगा चार दिवसांत चौकात परत. जामीन इतका सोपा कसा?

कारण कायद्यात अल्पवयीनासाठी जामीन हाच नियम आहे, गुन्हा अजामीनपात्र असला तरी (बाल न्याय कायदा, कलम १२). नाकारता येतो तो तीनच कारणांवर: सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला स्वतःला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. टोळीतल्या मुलाच्या बाबतीत पहिलं कारण बऱ्याचदा खरं असतं, पण ते मंडळापुढे कुणी कागदावर मांडत नाही. फिर्यादी पक्षानं 'गुन्हा गंभीर आहे' एवढंच सांगितलं तर उपयोग होत नाही. संगतीची नावं आणि आधीच्या घटनांच्या तारखा द्याव्या लागतात.

चौकात मिरवणूक काढून स्वागत झालं तर तो व्हिडिओ तपास अधिकाऱ्याकडे द्या. जामिनाच्या अटींसाठी त्याचा उपयोग होतो. स्वतः पोस्ट करू नका (प्रश्न १९).

१४. आणि पोर्शे प्रकरणातला तो निबंध?

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेल्या कारखाली दोघांचा जीव गेला. मंडळानं त्याच दिवशी जामीन देताना घातलेल्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. ओरड झाल्यावर त्याला निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) पाठवलं, २५ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं तिथे ठेवणं बेकायदा ठरवून सोडलं, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मागणी मंडळानं फेटाळली. संताप समजण्यासारखा आहे. पण जामिनाचं कलम सगळ्यांना तेच आहे. फरक पडला तो कुणाच्या मागे किती वेगानं किती माणसं उभी राहिली याचा.

घरोघरी लागू होणारा भाग वेगळाच आहे. सोळा ते अठरा वयात फक्त पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते. म्हणजे घरातली ११० सीसीची स्कूटर नाही. अल्पवयीनानं चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

१५. अल्पवयीनावर मोठ्यांसारखा खटला कधी चालतो?

वय सोळा पूर्ण असलं पाहिजे आणि गुन्हा 'अतिगंभीर', कोर्टाच्या भाषेत हीनियस, असला पाहिजे. म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षं आहे असा. मग मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यमापन करतं आणि गरज वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे (हे मंडळाहून वेगळं, सत्र न्यायालयाच्या दर्जाचं कोर्ट) पाठवतं.

इथेच लोक चक्रावतात. खून अतिगंभीर. पण खुनाचा प्रयत्न (न्याय संहिता, कलम १०९) नाही, कारण त्याला कमाल शिक्षा मोठी असली तरी सात वर्षांची किमान नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये असे गुन्हे 'गंभीर' या मधल्या सदरात टाकले आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ते कायद्यातच आलं. उलट, कोयता वापरून मोबाइल आणि पाकीट लुटलं (कलम ३११) तर किमान सात वर्षं, म्हणजे अतिगंभीर. डोक्यात वार होऊन माणूस वाचला तर मधलं सदर, आणि कोयत्याच्या धाकानं पाचशे रुपये लुटले तर वरचं. 'तुला काय होणार नाही' म्हणणारा भाई हे सांगत नाही.

प्रौढ म्हणून दोषी ठरला तरी फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नाही अशी जन्मठेपही नाही. एकविशीपर्यंत तुरुंगाऐवजी सुरक्षित स्थानात. बाकी प्रकरणांत जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांचं सुधारगृह.

१६. वय सिद्ध कशानं होतं? आधार कार्ड चालतं का?

कायद्यात क्रम ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. आधारचा त्यात उल्लेख नाही. शाळेत घालताना वय वर्षभरानं मागेपुढे लावायची आपल्याकडची सवय इथे महागात पडते, दोन्ही बाजूंनी.

१७. खटला चालू असताना मुलगा अठरा वर्षांचा झाला तर?

काही बदलत नाही. गुन्ह्याच्या दिवशीचं वय धरतात. मात्र अठरानंतर केलेला पुढचा गुन्हा सरळ मोठ्यांच्या कोर्टात.

१८. नोंद आयुष्यभर राहते का? नोकरीचं पोलीस व्हेरिफिकेशन?

मंडळापुढे निकाली निघालेल्या प्रकरणामुळे मुलाला कोणतीही अपात्रता येत नाही, आणि चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते (बाल न्याय कायदा, कलम २४ आणि ७४). अपवाद, बाल न्यायालयानं प्रौढ म्हणून दोषी ठरवलेला. प्रत्यक्षात जुन्या ठाण्यात नाव निघतं आणि दाखला अडतो. अशा वेळी मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत जोडून पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज करा. प्रकरण संपलं त्याच महिन्यात ती प्रत काढून घरात ठेवा, पाच वर्षांनी शोधताना दमछाक होते.

१९. सीसीटीव्हीत मुलांचे चेहरे स्पष्ट आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?

नको. अल्पवयीनाची ओळख पटेल असं नाव, फोटो, पत्ता, शाळा काहीही प्रसिद्ध केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो गुन्हेगार असो की पीडित, नियम तोच. शिवाय चेहरा व्हायरल झाला की अड्ड्यावर पोराचं वजन वाढतं.

फुटेज तपास अधिकाऱ्याला द्या, पोच घ्या आणि मूळ रेकॉर्डिंग पुसू देऊ नका. बऱ्याच यंत्रणा पंधरा-तीस दिवसांत जुनं मिटवून वर नवीन लिहितात, त्यामुळे त्याच दिवशी वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढा. घड्याळ पुढे-मागे असेल तर किती मिनिटांनी, तेही लिहून द्या. बचावाचा वकील पहिला बोट तिथेच ठेवतो.

२०. आमचं मंडळ काही करू शकतं का? भाषणं नकोत, काम सांगा.

वर्गणीच्या यादीसारखी एक यादी करा: आळीतली चौदा ते अठरा वयाची, शाळेत नसलेली मुलं. बहुतेक आळ्यांत ती एका पानावर मावते. प्रत्येकाच्या नावापुढे एक कार्यकर्ता आणि एक काम: दाखला आणणं, फॉर्म १७, आयटीआय, व्यसनमुक्ती. ढोल पथकात अशा पोरांना घेतलं तर संध्याकाळचे दोन-तीन महिने भरतात, पण विसर्जनानंतर काय हे आधीच ठरवा, कारण अड्डा बारा महिने चालू असतो. आणि फ्लेक्स: ज्याच्यावर गुन्हे आहेत त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मंडळाच्या कमानीवर लावायचा नाही. वर्गणी मोठी देतो म्हणून इथेच सगळे गडबडतात.

२१. वार आमच्या मुलावर झाला. हल्लेखोर अल्पवयीन आहे. आम्हाला काहीच हक्क नाहीत का?

आहेत. पोलिसांनी दिरंगाई केली तर बाल न्याय मंडळापुढे स्वतः म्हणणं मांडता येतं. मंडळाच्या काही आदेशांवर तीस दिवसांत अपील करता येतं. उपचाराच्या खर्चासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित भरपाईचा अर्ज द्या. त्यासाठी निकालापर्यंत थांबावं लागत नाही, अंतरिम मदतही मागता येते. अर्जासोबत एफआयआरची किंवा डायरी नोंदीची प्रत, दवाखान्याची बिलं आणि जखमेचं प्रमाणपत्र लागतं. जखमी मुलाला मित्र 'बदला घेऊ' म्हणून घेऊन जायला येतात ते बहुधा टाके काढायच्या आठवड्यात. त्या आठवड्यात त्याला गावी आजोळी पाठवता आलं तर पाठवा.